बिल्लेवाल्या सरांना सांगितलेली जागा

बिल्लेवाल्या सरांच्या उजव्या कानाशी मी फार मोठमोठी माणसं वाकलेली पाहिली आहेत. राहुरीच्या बाजारात, एस.टी. स्टँडवर, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपाशी. मिशाळ, अंगापिंडानं दांडगी, गावात ज्यांचा दरारा असे अशी माणसं आधी इकडेतिकडे बघत आणि मग तोंडापुढे हात धरून त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजत. सर डोळे मिटून ऐकत. ऐकून झालं की एकदाच मान हलवत आणि म्हणत, "पोटात राहील." लांबून बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी भलतंच प्रकरण आहे. प्रत्यक्षात ती माणसं मासा नेमका कुठं लागला, एवढंच सांगत असत.

मीही त्या कानात बोललो आहे. एकदा समोर उभं राहून आणि एकदा फोनवरून. दोन्ही वेळा खोटं बोललो. सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. धरणाचं पाणी पुन्हा उतरू लागलं आहे, काठाला गाळाची पांढरी रेघ दिसायला लागली आहे. ती रेघ दिसली की माझ्या हाताला दुसरं काम सुचत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

सर श्रीरामपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर ते देवळाली प्रवरेला, उसाला लागून असलेल्या आपल्या घरी राहायला आले आणि धरणावर जाऊ लागले. मासे धरायला नव्हे, सोडायला. रीतसर परवानगी काढून ते तिथल्या मच्छीमारांकडून जिवंत रोहू, कटला, मृगळ घेत. ओल्या गोणपाटावर ठेवून फूटपट्टीनं मोजत, पाठीवरच्या पराच्या मुळाशी एक पिवळी, काडेपेटीच्या काडीएवढी प्लास्टिकची दोरी टोचत आणि मासा पुन्हा पाण्यात सोडत. दोरीवर बारीक आकडे छापलेले असत. शास्त्रात तिला टॅग म्हणतात. आमच्या भागात पहिल्याच आठवड्यात तिचा बिल्ला झाला आणि प्राध्यापकमहाशयांचे बिल्लेवाले सर.

त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. "एवढं समुद्रासारखं धरण एप्रिलात बशीएवढं होतं," ते म्हणत. "मग मोठा कटला जातो कुठं? कुठंतरी त्याचा आसरा आहे. तो सापडला की तेवढी जागा आपण सोडायची. बाकीचं धरण तुमचं." आसरा सापडायचा तर बिल्ल्याचा मासा ज्याला लागेल त्यानं नंबर, दिवस आणि जागा कळवायला हवी. जाळीवाले मच्छीमार कळवत; त्यांचं पोट त्यावर होतं आणि त्यांना आसऱ्याचं महत्त्व सांगावं लागत नव्हतं. अडचण होती ती आमची, म्हणजे रविवारी गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांची.

आधी लोक घाबरले. पिवळी दोरी म्हणजे सरकारी मासा, तो खाल्ला तर केस होणार, अशी बातमी पसरली. बाळू नावाचा एक टेम्पोवाला होता. त्यानं बिल्ल्याचा रोहू धरला, घरी नेऊन कापला आणि बिल्ला गुपचूप टेम्पोच्या किल्लीला बांधला. तो बिल्ला किल्लीला आल्यापासून टायर पंक्चर झालं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. सरांना ते टपरीवर दिसलं.

"बाळू, हे काय रे?"

"काय न्हाई सर. किचन हाय."

"त्याच्यावर नंबर माझ्या अक्षरात नसला तरी माझ्या वहीत आहे."

बाळूनं हात जोडले. "सर, म्या सोडनारच हुतो त्याला. पर त्यो आदीच मेलेला हुता."

"आणि मग तू त्याला रश्शात बुडवून जिवंत केलास," सर म्हणाले. टपरी हसली. "अरे, मासा तुझा. काटे मांजरीचे. मला फक्त नंबर आणि जागा दे. बिल्लासुद्धा तुझ्या किल्लीला राहू दे, टायरची जबाबदारी माझी नाही."

त्या दिवसापासून लोकांची भीती गेली. बाळू तर त्यांचा प्रचारकच झाला. गाडीत कोणी गळाची काठी घेऊन चढला की तो आरशातून विचारी, "बिल्ला घावला का?"

कोणी बिल्ला कळवला की सर आठवड्याभरात त्या घरी जात. बक्षीस म्हणून पैसे नाहीत, टोपी नाही, प्रमाणपत्र नाही. ते त्या माशाची हकिगत सांगत. वहीतलं पान उघडायचं आणि वाचायचं: हा कटला मी अमुक पावसाळ्यात सोडला, तेव्हा माझ्या पंजाएवढा होता, वरच्या खवल्यांवर जखम होती, पुढच्या हिवाळ्यात तो जाळ्यात आला, मच्छीमारांनी नंबर बघून परत सोडला, तोवर जखम भरली होती, आणि मग तुम्हाला लागला. लोक गप्प बसून ऐकत. रस्त्यावरच्या ढाब्याच्या मंगलताईंनी तर हकिगत अर्ध्यावर असतानाच चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवलं. "आता ह्याला खायचा कसा वो सर? सगळं कळलं की त्याचं." सरांनी मात्र दोनदा रस्सा मागून घेतला. "कळलं म्हणूनच नीट खा," ते म्हणाले.

माझी त्यांची ओळख अशाच एका रविवारची. मी भिंगारला एका वाचनालयात काम करतो. सहा दिवस पुस्तकांत आणि माणसांत जातात, सातव्या दिवशी मोटारसायकलवरून धरणावर. माझ्या हाती पुस्तक बघून त्यांनी विचारलं, "मासा येतो तेव्हा पान दुमडता का खूण घालता?" मी म्हणालो, खूण घालतो. "मग तुम्ही माझ्या कामाचे." पुढे तुम्हीचं तू झालं आणि माझं नाव लायब्ररी पडलं. "काय लायब्ररी, आज कोण कोण आलं वाचनाला?" असं ते काठावरून ओरडत. माझं अक्षर बरं म्हणून माशांची नोंदवही मी उतरवून देऊ लागलो. नंबर, लांबी, वजन, दिवस. जागेचा रकाना मात्र त्या वहीत नव्हता. जागांची वही वेगळी, छोटी, निळ्या पुठ्ठ्याची. ती त्यांच्या शबनममध्ये असे आणि ती त्यांच्याशिवाय कोणी उघडत नसे.

ती वही वेगळी करण्याची पाळी आम्ही आणली होती. गळवाला सगळं सांगतो. आमिषाच्या कणकेत काय मिसळलं ते सांगतो, बायकोशी भांडण का झालं ते सांगतो, मासा किती मोठा होता ते तर वाढवून सांगतो. जागा सांगत नाही. व्हॉट्सअॅपवर आमचे फोटो येत त्यात माशाच्या मागे कोणीतरी गोणपाट धरून उभा असे. मागचं झाड दिसलं, टेकडीचा उतार दिसला तर दुसरा माणूस येऊन बसेल ना. सरांनी पहिल्या वर्षी लोकांनी कळवलेल्या जागांचे ठिपके नकाशावर काढले. निम्मे ठिपके उसात पडले. दोन डांबरी रस्त्यावर पडले. एक तर चक्क रेल्वे स्टेशनापाशी. सरांनी तो नकाशा टपरीवर आणून सगळ्यांपुढे पसरला. "हा रोहू श्रीरामपूरच्या गाडीची वाट बघत होता," ते म्हणाले. "ज्यानं कळवलं त्यानं निदान त्याचं तिकीट तरी काढायचं." सगळे हसले, आणि ज्यानं कळवलं होतं तो सगळ्यांत मोठ्यानं हसला.

तेव्हापासून कानात सांगायची पद्धत सुरू झाली. जागा फक्त सरांना, तोंडी, आणि ती दुसऱ्या कोणाला कळणार नाही हा त्यांचा शब्द. त्यांनी तो किती पाळला याचं एक उदाहरण मला नंतर कळलं. दोन सख्खे भाऊ एकाच जागी बसत, एक शनिवारी, एक रविवारी. दोघांनाही वाटे, जागा आपली एकट्याची. दोघांनीही सरांच्या कानात तीच जागा सांगितली. सर त्यांच्या घरी जेवले, दोघांच्या मधे बसून, दोघांनी एकमेकांना मारलेल्या थापा ऐकल्या आणि शांतपणे भाकरी मोडत राहिले. त्या मौनावर लोकांचा विश्वास बसला. खऱ्या जागा येऊ लागल्या.

माझं खोटं त्याच सुमारास घडलं. मार्च होता. मला बिल्ल्याचा कटला लागला, माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा. धरणाचं पाणी एका ठिकाणी जमिनीत आत शिरलेलं आहे. त्या फाट्याच्या अलीकडच्या काठाला बाभळींची रांग, पलीकडच्या काठाला एक खडकाळ टेकाड. उन्हाळ्यात फाट्यातलं पाणी गुडघ्याएवढं उरतं. मी टेकाडाच्या पायथ्याशी पाण्यात उभा राहून गळ टाकत असे. तिथं कोणी येत नसे. सहा दिवस ज्याला सतत कोणी ना कोणी काही विचारत असतं त्याला अशा जागेचं काय मोल असतं, हे मी सांगू शकणार नाही. सरांनी कान पुढे केला. लोकांना खरं सांगा म्हणून त्यांच्याबरोबर दारोदार फिरणारा मी, त्या कानात म्हणालो, "बाभळींपाशी." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "पोटात राहील." मी स्वतःची समजूत घातली की काही हातांचा तर फरक आहे. नकाशावर ठिपका कितीसा हलणार.

तो उन्हाळा गेला, पाऊस झाला, धरण भरलं, पुन्हा उतरलं. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी सर बदलले. टपरीवर येत, पण चहा गार होईपर्यंत बोलत नसत. एकदा मला म्हणाले, "लायब्ररी, ठिपके एका जागी यायला लागलेत." मी म्हणालो, मग आसरा सापडला की. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. "सापडला. पण तिथं खोल पाणी असायचं काही कारण नाही. सगळे सांगतात गुडघाभर. गुडघाभर पाण्यात एवढाले मासे भर उन्हाळ्यात का येतील?" मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "खाली काहीतरी आहे."

जागा कुठली ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आपल्या मनात असलेलं भय दुसऱ्यानं बोलून दाखवू नये म्हणून माणूस जसा विषय बदलतो तसा मी बदलला. कारण माझा गळसुद्धा टेकाडापासून लांब फेकला की एका ठिकाणी खाली जातच राही. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सुटत राही, सुटत राही. मला वाटे, नदीचं जुनं पात्र असेल.

धरणात गेलेल्या गावाची माणसं वर नव्या गावठाणात राहतात. सर तिथं रखमाजीबाबांकडे गेले. बाबांचं वय ऐंशीच्या पुढे. पाण्याखालचं गाव चालून पाहिलेल्या मोजक्या माणसांपैकी ते एक. हे बोलणं मला बाबांनीच नंतर सांगितलं, सरांच्या दहाव्याला. सरांनी त्यांना काठीनं मातीत नकाशा काढून दाखवला. बाबांनी वाकून पाहिलं.

"हितं आमची मळ्यातली हीर हुती," ते म्हणाले. "दोन मोटंची. लई पानी."

"मग ती गाळानं भरली असेल, बाबा."

"भराया पायजे हुती. जिता झरा आसंल तर न्हाई भरत."

"आणि कठडा? इतकं पाणी उतरतं, कठडा वर दिसत कसा नाही?"

बाबा उठले. त्यांनी सरांना घराच्या कोपऱ्यापाशी नेलं आणि पायाच्या घडीव दगडांवर हात ठेवला. "कठडा हा हितं हाय. गाव उठलं तवा म्हनलं, दगूड कशाला बुडवायचा. समद्यांनी आपापल्या हिरीचा कठडा काढून आनला. हीर तशीच ऱ्हायली, उघडी."

बाबा म्हणाले, ते ऐकल्यावर सर ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. तांब्या हातात तसाच धरून बसले होते.

आता त्यांच्यापुढे जे होतं ते मला पुढे निळी वही वाचून नीट समजलं. गढूळ पाण्याखाली कठडा नसलेली, हातभर खोलीच्या सपाटीत एकदम तोंड उघडणारी विहीर. तिच्या आसपास पाण्यात उभी राहणारी सहा माणसं त्यांना माहीत होती, कारण सहा जणांनी कानात सांगितलं होतं. प्रत्येकजण तिथं एकटा जात होता. कोणी बुडालं तर बघणारा कोणी नव्हता. जाहीर सांगावं तर दिलेला शब्द मोडत होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, विहीर कुठं आहे हे सांगणं म्हणजे धरणातला सगळ्यात मोठा मासा कुठं आहे हे सांगणं. आमची जात त्यांना चांगली ठाऊक होती. पन्नास माणसं दुसऱ्याच दिवशी तिथं उतरली असती, प्रत्येकजण मनात म्हणाला असता, मी जपून उभा राहीन.

म्हणून त्यांनी त्या सहा जणांना एकेकट्याला फोन केले. तिथं जाऊ नका, खाली विहीर आहे, कोणाला बोलू नका. मच्छीमारांची होडी सोमवारी मिळणार होती. बांबूनं तळ चाचपून विहिरीच्या काठाला लाल फडकी लावायची असं ठरलं. मधे फक्त रविवार होता. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला फोन केला.

"लायब्ररी, उद्या येणार ना?"

"येणार."

"बसणार कुठं?"

मला आजही तो क्षण लांबवता येतो. खिडकीत उभा होतो. खाली भिंगारच्या बाजारात भाजीवाल्यांची आवराआवर चालली होती. "नेहमीच्याच जागी, सर. बाभळींपाशी."

त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. "बरं. मग ठीक आहे. मी येतो तिथं दहापर्यंत. तुझ्याशी बोलायचंय. एक कागद लिहून हवाय, तुझ्या अक्षरात. कसा लिहायचा तेच सुचत नाही."

मी मनात ठरवलं, दहाच्या आत टेकाडावरून बाभळींपाशी येऊन बसायचं.

सकाळ ढगाळ, वाऱ्याची होती. मी सातला पाण्यात उतरलो. नऊच्या सुमारास मासा लागला, मोठा, आणि तंगूस खाली कशाला तरी अडकलं. ते सोडवण्यात वेळ किती गेला कळलं नाही. मग पलीकडून हाक आली. बाभळींपाशी सर उभे होते. पांढरा सदरा, खांद्याला शबनम. ते दोन्ही हात हलवत होते. वाऱ्यानं शब्द तुटत होते, पण आवाजात काय होतं ते मला चुकीचं कळलं. मला वाटलं, पकडलो गेलो. मला वाटलं, ते रागावले आहेत. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, मी शरमेनं तोंड फिरवलं. ऐकूच आलं नाही असं दाखवत अडकलेल्या तंगुसाच्या मागे दोन पावलं पुढे गेलो, फाट्याच्या मधल्या बाजूला.

वळसा घालून यायला अर्धा तास लागला असता. सरांनी चपला काढल्या नाहीत. ते सरळ पाण्यात आले. तिथं विहीर आहे हे त्यांना माहीत होतं. मला नाही, त्यांनाच माहीत होतं. पण सगळ्यांनी कळवलेल्या जागा टेकाडाच्या बाजूच्या होत्या, त्यामुळे विहीर टेकाडाला लागून, माझ्या पायांपाशी आहे असा त्यांचा अंदाज होता. कळवणाऱ्या सगळ्यांनी आपले पाय कुठं होते ते सांगितलं होतं. गळ कुठं पडला ते कोणी सांगितलं नव्हतं. विहीर मधोमध होती.

"मागं हो! लायब्ररी, मागं हो!" एवढं मला स्पष्ट ऐकू आलं. मी वळलो. तेव्हा पाण्यावर कोणी नव्हतं. इतकं रिकामं पाणी मी पुन्हा पाहिलेलं नाही.

मी धावलो. पाणी गुडघ्याएवढं होतं, तसंच होतं, आणि मग माझ्या पुढच्या पायाखाली काही नव्हतं. मी मागे पडलो. हाताला गाळ लागला. मी पुन्हा उठलो, पुन्हा पाऊल पुढे टाकलं, पुन्हा काही नव्हतं, आणि मी मागे आलो. मला पोहता येत नाही. हे कारण खरं आहे. तरी मी मागे आलो, हेही खरं आहे. मी ओरडत मच्छीमारांच्या वस्तीकडे पळालो. दुपारी त्यांनी सरांना वर काढलं. शबनम खांद्यालाच होती.

पंचनाम्याला हवालदारानं मला विचारलं, "जागा कोणती?" मी टेकाडाकडे बोट केलं, मग पाण्याच्या मध्याकडे. किती पावलं, कुठून कुठं, बाभळी कुठल्या हाताला, सगळं सांगितलं. ती जागा मी पहिल्यांदा खरी सांगितली ती एका अनोळखी माणसाला, आणि ती त्यानं कार्बनवर लिहून घेतली.

महिन्याभरानं काकूंनी, सरांच्या पत्नींनी, मला देवळालीला बोलावलं. निळी वही त्यांनी उन्हात वाळवली होती. पानं फुगली होती, पण शिसपेन्सिल टिकते. "हे तुमच्याकडेच असू द्या," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, बाकी कोणाचं काही सांगता येत नाही, लायब्ररी खरं बोलतो." त्यांना मी तिथंच, ओसरीवर, सगळं सांगितलं. त्या उठल्या. आत जाऊन चहा घेऊन आल्या, कप माझ्या हातात दिला आणि तो संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता या." पुन्हा त्यांनी बोलावलेलं नाही, आणि मी त्यात काही वावगं मानत नाही.

वहीत प्रत्येक नावापुढे सरांनी कधी ना कधी शंकेची बारीक फुली मारलेली आहे. बाळूपुढे चार आहेत. त्या दोघा भावांपुढे आहेत. माझ्या नावापुढे एकही नाही. मी ती नोंद खोडली, खाली खरी जागा लिहिली आणि सही केली. मग टपरीवर माझा फोन नंबर लिहून ठेवला आणि येणारे बिल्ले मी घेऊ लागलो. नव्यानं कोणी बिल्ला लावत नाही. पण सरांनी सोडलेले मासे अजून पाण्यात आहेत, अजून वाढत आहेत.

कानात सांगायची पद्धत मी बंद केली. फोन आला की मी आधी माझी हकिगत सांगतो, सगळी, बाभळींसकट. मग विचारतो, तुम्ही कुठं उभे होता आणि तुमचा गळ कुठं पडला. काही लोक फोन ठेवतात. काही बराच वेळ बोलत नाहीत, नुसता वारा ऐकू येतो, म्हणजे ते अजून काठावरच असतात.

परवा एकाचा फोन आला. जुना नंबर, मोठा मृगळ. आवाज तरुण होता. त्यानं आधी पुलाजवळची जागा सांगितली. मी माझं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "लिहा साहेब. पुलापाशी न्हाई." आणि त्यानं जी जागा सांगितली ती निळ्या वहीत कुठंच नाही. मच्छीमारांनी नंतर लाल फडकी लावली तिथून ती बरीच वर आहे. मांडीएवढं पाणी, म्हणाला, पण गळ लांब टाकला की तंगूस खाली जातच राहतं.

मी त्याला आत्ताच्या आत्ता पाण्याबाहेर यायला सांगितलं. आला. पाण्याचा आवाज मी ऐकला. उद्या पहाटे रखमाजीबाबांना घेऊन तिथं जायचं आहे. गावात विहिरी किती होत्या असं विचारलं तर ते नुसता हात हलवतात. फोन ठेवण्याआधी मी त्या पोराला विचारलं, तिथं अजून कोण कोण बसतं?

"कोनी न्हाई," तो म्हणाला. "फकस्त मीच."